आज चौदा, काल बारा

ता. ३, सोमवार

फिजिओबाईंनी वही ठेवायला सांगितली आहे. बाबांनी काय खाल्लं, ताप होता का, झोप कशी, मन कसं, रोज दोन ओळी. "तारीख टाका, नाहीतर उपयोग शून्य," म्हणाल्या. बाई करारी आहेत. त्यांच्यासमोर मी शाळेतल्यासारखी मान हलवते.

बाबा: जेवण पूर्ण. ताप नाही. मन कसं, काय माहीत.

झाल्या दोन ओळी. पण पान अर्धं कोरं ठेवणं माझ्या स्वभावात नाही, तेव्हा उरलेल्या जागेत माझी बडबड. फिजिओबाईंना दाखवताना वरच्या ओळींवर बोट ठेवीन.

बाबांना अर्धांगाचा झटका आला त्याला साडेतीन महिने झाले. पाय बराचसा सुधारला. उजवा हात अडून बसलाय आणि शब्द सापडत नाहीत. समोरचा पेला दिसतो, पण त्याला म्हणतात काय ते सापडत नाही, मग "ते... ते..." करत राहतात आणि शेवटी हात सोडून देतात. काहीही विचारा, उत्तर "हो". चहा हवा? हो. नको का? हो. आकडे मात्र सरळ येतात, कसे कोण जाणे. आजची तारीख विचारली की ताडकन सांगतात.

चाळीस वर्षं माणसानं घड्याळं दुरुस्त केली. टेबल अजून पुढच्या खोलीत खिडकीखाली आहे. चिमटे लहानमोठ्या क्रमानं लावलेले, पेचकस, भिंग, आणि काचेच्या झाकणाखाली कुणाचं तरी उघडं मनगटी घड्याळ, झटक्याच्या दिवशी जसं होतं तसं. फिजिओबाई म्हणतात, उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना टेकलं पाहिजे. ते टेकलं तर चिमटा धरता येईल, चिमटा धरता आला तर काम. अठ्ठावीसला तपासणी आहे. तीसला दादा सुतार घेऊन येणार. हात सुधारला नसेल तर टेबल हलवायचं आणि तिथे पलंग टाकायचा, म्हणजे बाबांना झोपायला माडीवरचा जिना चढायला नको. दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा आणि नेहमी बरोबर असतो, हाच त्याचा दोष. मला मात्र त्या टेबलाशिवाय ती खोली डोळ्यांसमोरच येत नाही.

ता. ४, मंगळवार

बाबा: जेवण पूर्ण. ताप नाही. संध्याकाळी मला काहीतरी सांगायचं होतं. "ते... ते..." सुरू झालं. मी म्हटलं, नंतर.

हा माझा नियमच आहे. घरी आल्यावर अर्धा तास मला कुणाचंही मत नको. दिवसभर दुसरं करते काय मी? दुकानावरच्या तीन खोल्यांत आमचं ऑफिस. सहाशे छोटे छोटे फुकट खेळ, साइट उघडली की सुरू, काही उतरवून घ्यायला नको. खेळ बनवणारे वेगळे, खेळणारे वेगळे, आणि मधे मी. खेळणाऱ्यांनी खाली लिहिलेली मतं वाचायची, शिव्या काढायच्या, बरं ते मंजूर करायचं. दिवसाला आठ-नऊशे. आजची काही:

"पाच मिनिटं खेळणार होतो. दूध उतू गेलं."

"बेकार. बेकार. बेकार." (नोंद पाहिली, पठ्ठ्या तीन तास खेळलाय.)

"मासा माझ्या सासूसारखा आहे. कुठेही गेलं तरी समोर."

"खेळ छान आहे पण मी हरते, तेवढं बंद करा."

"फुकट आहे म्हणून काहीही द्याल का?"

शेवटचं वाक्य निरनिराळ्या शब्दांत रोज साठ वेळा येतं. मी कुणावर रागवत नाही. लोक दिवसभर साहेबाचं, शेजाऱ्याचं, सुनेचं ऐकून घेतात आणि मग इथे येऊन खेळातल्या माशाला झापतात. कुणाला तरी झापायला मिळावं ना.

ता. ५, बुधवार

बाबा: ताप, एकशे एक. दिवसभर अंथरुणात. दोन घास.

सकाळी रजा टाकणार होते, पण शेजारच्या काकू म्हणाल्या, "तू जा गं, मी आहे." काकू दुपारचं जेवण भरवतात आणि घरातल्या बातम्या मला जिन्यातच देतात. त्या नसत्या तर माझे हाल कुत्र्यानं खाल्ले नसते.

ऑफिसात लक्ष लागेना. दर अर्ध्या तासानं फोन. आमचे साहेब प्रत्येक गोष्ट टक्क्यांत बोलतात म्हणून त्यांना टक्केसाहेब म्हणतात. ते म्हणाले, "तुमचं आज चाळीस टक्केच काम दिसतंय." मी म्हटलं, माणूस साठ टक्के घरी आहे.

ता. ७, शुक्रवार

बाबा: ताप उतरला. काल नुसता अशक्तपणा. आज उठले, अर्धं ताट.

आज मला मोठं काम मिळालं. आमच्याकडे मतांमध्ये यंत्रं शिरली आहेत. खेळ बनवणारे कुणीतरी आपल्या खेळाचं कौतुक करणारा प्रोग्राम सोडतात. तो रोज येतो, "खेळ चांगला आहे" म्हणतो, आणि खेळाचे गुण वर चढतात. ही सगळी घाण साफ करायची मोहीम माझ्या गळ्यात. टक्केसाहेब म्हणाले, "वाचून माणूस ओळखण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही." चढवून ठेवलं मला, कळतं ना. तरी चढले.

नियम माझाच. एकच वाक्य दहापेक्षा जास्त दिवस, ठरावीक वेळेला आलं की यंत्र. ही यंत्रं बेरकी असतात, वाक्य तेच ठेवतात आणि त्यातले आकडे बदलतात. म्हणून मतं गाळणारा प्रोग्राम, म्हणजे आमची चाळणी, लिहिणाऱ्या मुलीला मी सांगितलं, आकडे पुसूनच मला यादी दे. आकड्यांच्या जागी नुसती रेघ. म्हणजे फसायला नको. ती म्हणाली, "ताई, तुम्ही पोलिसात हव्या होत्या."

काकू जिन्यात: "तुझे बाबा आज पुन्हा अकराच्या ठोक्याला तुझ्या जुन्या कॉम्प्युटरसमोर. हाक मारली तरी उठत नाहीत." म्हटलं, बसू द्या. मी घरी असते तेव्हाही ती माझी बाजाराची वेळ; बातम्या बघत असतील. तेवढाच वेळ जातो.

ता. ९, रविवार

बाबा: जेवण अर्धं. ताप नाही. मन वाईट, हे मलासुद्धा कळलं.

दादा आला होता. टेबलाची मापं घेतली. मग बाबांसमोर खुर्ची ओढून नीट, प्रेमानं बोलला. "बाबा, जिना तुम्हाला झेपत नाही. हे टेबल माझ्याकडे नेऊन ठेवतो, जपून. चालेल ना?" बाबा म्हणाले, "हो." दादा माझ्याकडे वळला, "बघ. उगाच तू आकाशपाताळ एक करतेस."

मी भांडी आपटली. दुसरं काय करणार. आजच पटापट सगळं बोलून मोकळं व्हावं असं वाटतं आणि बोलायला तोंड उघडलं की काय बोलायचं तेच कळत नाही. दादा गेल्यावर बाबा टेबलापाशी जाऊन बसले आणि डाव्या हातानं झाकण पुसत राहिले. मी दहा वेळा या खोलीतून त्या खोलीत गेले. काही शोधत होते असं नाही.

ता. ११, मंगळवार

बाबा: जेवण पूर्ण. अंगठा बराच जवळ आलाय असं काकू म्हणतात. चादरीला चिमटीत धरून ओढलं म्हणे.

मोहिमेचा पहिला दिवस आणि मी वाघीण. तीनशे बारा यंत्रं पकडली. ब्लॉक केलं की त्या कॉम्प्युटरवर साइटच उघडत नाही, खेळ नाही, मत नाही, नुसती पाटी येते: आपण माणूस नसल्याचे आढळले आहे.

त्यातलं एक तर नमुनेदार. मुंगीचा एक साधा खेळ आहे. मुंगीच्या तोंडातला साखरेचा दाणा बटण दाबून धरून वाकड्यातिकड्या वाटेनं न्यायचा, कडेला लागला की पडला. लोकांना आवडत नाही. "हात भरून आला", "मुंगीला चालता येत नाही का स्वतःचं स्वतः", अशी मतं. आणि त्याच खेळाखाली एक पाहुणा. नाव न नोंदवता येणाऱ्याला आमची साइट "पाहुणा" म्हणते आणि नंबर देते. हा पाहुणा ४०७. बत्तीस दिवस, साडेअकराच्या सुमाराला, एकच:

"आज __. काल __. खेळ चांगला आहे."

बत्तीस दिवस. कुठला माणूस असं लिहील? माणसाला दुसऱ्या दिवशी कंटाळा येतो, तिसऱ्या दिवशी तो शिवी देतो. मी टक्केसाहेबांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "शंभर टक्के." पहिल्यांदाच पूर्ण शंभर दिले त्यांनी कशाला तरी. बटण दाबलं.

ता. १३, गुरुवार

बाबा: जेवण अर्धं. ताप नाही. दिवसभर पडून.

काकू जिन्यात: "आज कॉम्प्युटरकडे फिरकले नाहीत. काल बसले, एका बोटानं चार बटणं दाबली आणि उठले. काय बिघडलंय का त्याचं?" जुनाच आहे, बिघडला असेल. रविवारी बघीन म्हटलं.

ऑफिसात तक्रारी येऊ लागल्या. ब्लॉकच्या पाटीखाली चार ओळींची जागा असते, त्यात माणसांनी आपलं म्हणणं लिहायचं. बहुतेक शिव्याच. पाहुणा ४०७ चं आलं:

"मी माणूस आहे."

एवढंच. मी हसले. यंत्र असंच म्हणणार, दुसरं काय म्हणणार. ठरलेलं उत्तर क्रमांक चार पाठवलं: आपल्या म्हणण्याला पुरावा आढळला नाही.

ता. १७, सोमवार

बाबा: जेवण पाव. ताप नाही. काही विचारलं तर तोंड भिंतीकडे.

फिजिओबाई आल्या होत्या आणि चिडून गेल्या. म्हणे मागच्या वेळी अंगठा आणि बोटामधे एका बोटाची फट होती, आज दोन बोटांची आहे. "व्यायाम थांबवलाय ह्यांनी. तुमचं लक्ष कुठे असतं?" मी म्हटलं, रबरी चेंडू दिलाय तुम्ही, तो रोज हातात देतो. "चेंडू त्यांनी कधीच दाबला नाही हो," बाई म्हणाल्या. "दुसरं काहीतरी करत होते. बोटं नाजूक कामाला वळलेली होती, मला हाताला कळतं ना. ते काय होतं तेच पुन्हा करायला लावा." बाबांना विचारलं, काय करत होतात? बाबा कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, "ते. ते. अकरा. चौदा." मग हात सोडून दिला.

बाई गेल्यावर मी बाबांना बोलले. नको तेवढं बोलले. सगळे तुमच्यासाठी राबतात, दादा सुतार आणतोय, काकू घास भरवतात, मी नोकरी करून घर बघते, आणि तुम्हाला एक अंगठा हलवता येत नाही. हे वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवते, कारण ते माझंच आहे. ते माझ्याकडे बघत होते. "हो," म्हणाले.

ता. १९, बुधवार

बाबा: जेवण पाव.

पाहुणा ४०७ पुन्हा:

"मी माणूस. खेळ चांगला. उघडा."

चिकाटी आहे यंत्राला. चाळणीवाली मुलगी म्हणाली, "ताई, ह्याचं काहीतरी वेगळंच वाटतं, नाही? शिवी नाही, धमकी नाही." मी म्हटलं, नवीन जातीचं असेल, गरीब चेहरा करणारं. पुन्हा पुन्हा येऊन वेळ खाऊ नये म्हणून त्याची तक्रारीची जागासुद्धा बंद करून टाकली. मुलगी परत तिच्या खुर्चीवर गेली. मलाही दिवसभर उगाच टोचत राहिलं. टोचायचं कारण नव्हतं, नियमाप्रमाणे होतं.

ता. २२, शनिवार

बाबा: जेवण पाव. झोप नाही. मीसुद्धा नाही.

सुट्टी अंगावर आली. कपडे धुतले, पुन्हा धुतले. बाजारात गेले आणि यादी घरी विसरले. कॉम्प्युटर बघितला, काही बिघडलेलं नाही, बातम्या उघडतात. मी म्हटलं, बाबा, चालू आहे की हा. या, बसा. बाबा नाही आले.

कितीदा तरी वाटलं, त्यांच्याजवळ जाऊन नुसतं बसावं. बसते, आणि ते "ते... ते..." सुरू करतील या धास्तीनं उठते. खरं सांगायचं तर मला त्यांचं ते शोधणं बघवत नाही. चाळीस वर्षं ज्या माणसाचा बारीकसा पेचही कधी हरवला नाही, त्याला पेल्याचं नाव सापडू नये.

अठ्ठावीस तारीख अंगावर येतेय.

ता. २५, मंगळवार

बाबांच्या ओळी शेवटी लिहिते. आधी हे.

सकाळी मुंगीचा खेळ बनवणाऱ्या बाईंचं पत्र आलं. शाळेत प्रयोगशाळा सांभाळतात. खेळ हा त्यांचा फावल्या वेळातला उद्योग. मला वाटलं, यंत्र पकडलं म्हणून हात जोडताहेत. पत्र असं:

"माझ्या खेळाला रोज खेळणारा एकच माणूस होता, तुमचा पाहुणा चारशेसात. त्याचे आकडे मी वहीत उतरवत होते. सुरुवातीला दोन दाणे, तीन दाणे. त्याला वळणावर अडतं हे कळलं म्हणून मी वाट थोडी रुंद केली. मग तो पंधरापर्यंत आला. मधे एकदम चारवर घसरला तेव्हा आजारी पडला असेल असं वाटून दोन दिवस चैन पडलं नाही. आता दोन आठवडे आला नाही. तुमच्याकडे काही कळलं तर कळवा. एवढंच विचारायचं होतं."

घसरला. हा शब्द मी तीनदा वाचला. कौतुक करायला सोडलेलं यंत्र घसरत नाही. त्याला घसरायचं कारणच काय.

आकडे पुसलेली यादी बाजूला ठेवली आणि पहिल्यांदा मूळ मतं उघडली. तीनला, "आज १४. काल १२. खेळ चांगला आहे." चारला पंधरा. पाचला नाही. सहाला नाही. सातला, "आज ४. काल ०. खेळ चांगला आहे." आठला नऊ. नऊला नाही. दहाला सहा. अकराला अकरा, आणि त्यानंतर माझी पाटी.

पाच तारीख. एकशे एक ताप. मी वही पर्समधेच ठेवते, बाई कधीही मागतात म्हणून. काढली. पाच, ताप. सहा, अशक्तपणा. सात, आज उठले. नऊ, दादा, टेबलाची मापं, मन वाईट. एक बोट वहीवर आणि एक पडद्यावर ठेवून मी खाली खाली जात होते. अकराच्या ठोक्याला. "ते. अकरा. चौदा." चेंडू त्यांनी कधीच दाबला नाही.

त्या जुन्या कॉम्प्युटरवर वर्षापूर्वी मी घरून काम करत होते. उघडला की आपली साइट पहिली यावी असं मीच करून ठेवलं होतं. शनिवारी मी बातम्या उघडून पाहिल्या आणि ती पाटी बघितलीच नाही.

"मी माणूस आहे." डाव्या हातानं, पाटीवरचा शब्द बघून, एकेक अक्षर शोधत. किती वेळ लागला असेल. आणि मी काय पाठवलं, क्रमांक चार.

ब्लॉक काढला. टक्केसाहेबांना सांगितलं, हा माणूस आहे, माझे वडील आहेत. त्यांनी चष्मा काढला, पुसला. चाळणीवाल्या मुलीनं माझी पर्स आणून हातात दिली. घरी किती वेळात पोचले ते आठवत नाही.

बाबा टेबलापाशी होते. मी समोर जमिनीवरच बसले. म्हटलं, बाबा, ती पाटी मी लावली. तुमच्या तक्रारींना उत्तर मीच दिलं. मला कळलं नाही तुम्ही आहात.

ते म्हणाले, "माहीत."

मला आधी अर्थच लागेना. माहीत होतं? मग मला का नाही दाखवलंत, हाताला धरून न्यायचं, पाटी दाखवायची. मी इथेच तर असते रोज.

बाबांनी शब्द शोधायला सुरुवात केली. या वेळी मी उठले नाही. "तिथे," म्हणाले. थांबले. "तिथे... तू... वाचतेस." मग बोट जमिनीकडे, घराकडे केलं. "इथे... दमतेस."

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. लाज वाटायचं वय राहिलेलं नाही.

बाबा: जेवण अर्धं. ताप नाही. मन, मला आता थोडं माहीत आहे.

ता. २६, बुधवार

बाबा: जेवण अर्धं.

साइट उघडते, मी सकाळी दाखवून गेले. ऑफिसात साडेअकराला मुंगीचं पान उघडून बसले. काही नाही. बाराला काही नाही. काकूंना फोन केला, त्या म्हणाल्या, बसले नाहीत. बसा म्हणून सांगायला मला तोंड नाही.

मोहीम थांबवली. तीनशे बाराच्या तीनशे बारा नोंदी आकड्यांसकट परत वाचायला घेतल्यात. आज चाळीस झाल्या, त्यात दोन माणसं निघाली. एक आजीबाई रोज "जय हो मासा" लिहायच्या. त्यांना माफीचं पत्र माझ्या शब्दांत लिहिलं, क्रमांकाचं नाही.

मुंगीवाल्या बाईंना कळवलं: सापडला. आजारी होता, मग आम्ही बंद केला होता. चूक माझी.

ता. २८, शुक्रवार

बाबा: जेवण पूर्ण. ताप नाही.

तपासणी. फट दोन बोटांची, तशीच. फिजिओबाईंनी विचारलं, "मधले दोन आठवडे गेले कुठे?" मी सगळं सांगितलं. वाटलं, आता झाडतील. त्यांनी पट्टी पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "सहा आठवडे देते. परत येईलच असं मी लिहून देणार नाही. लवकर होतं तेव्हा जास्त सोपं होतं." झाडलं असतं तर बरं झालं असतं.

कालही साडेअकराला काही नाही, आजही नाही. बाबा माझ्यावर रागावलेत का? विचारलं तर म्हणाले, "हो." पण ते सगळ्यालाच हो म्हणतात.

हे लिहिलं आणि पेन थांबलं. ते सगळ्यालाच हो म्हणतात.

ता. ३०, रविवार

दादा सुताराला घेऊन दहाला हजर. सुतारानं टेबलाचा पाय हलवून पाहिला. दादानं परत खुर्ची ओढली. "बाबा, नेऊ ना? तुम्हीच हो म्हणालात."

"हो," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, थांब. दादा म्हणाला, "आता काय?" मी म्हटलं, हो त्यांना आपोआप येतं, आकडे खरे येतात. आकड्यांत विचारू. दादानं सुताराकडे असं पाहिलं, जणू घरातलं हे आधी सांगायला हवं होतं.

मी बाबांसमोर बसले. "टेबल दादाकडे न्यायचं असेल तर दोन म्हणा. इथेच राहायचं असेल तर एक."

बाबांनी शोधलं नाही, थांबले नाहीत. "एक."

दादा म्हणाला, "उलटं विचार. पाठ झालं असेल त्यांना." बरोबर असायची सवय. मी उलटं विचारलं, राहायचं असेल तर सात, न्यायचं असेल तर तीन. "सात," बाबा म्हणाले, आणि दादाकडे बघून पुन्हा, जरा मोठ्यानं, "सात."

दादानं उठून टेबलाचा सरकलेला पाय जागेवर ढकलला. त्याचे डोळे भरले होते, तो खिडकीकडे तोंड करून सुताराला म्हणाला, "जिन्याला दोन्हीकडून कठडा बसवायला किती वेळ लागेल, ते बघा."

दिवसभर ठोकाठोकी. मला काहीच करायचं नव्हतं आणि तरी मी एका जागी बसले नाही. बाबा टेबलापाशी, मी त्यांच्याभोवती. ते एकदा म्हणाले, "ते... ते..." मी थांबले. थांबून राहिले. शेवटी "पेला" आला. पाणी दिलं.

बाबा: जेवण पूर्ण. आज कॉम्प्युटर नाही, वेळच मिळाला नाही.

ता. ३१, सोमवार

सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. साडेअकरा झाले, अकरा पस्तीस, अकरा चाळीस. मी खुर्चीतून उठले, बसले. चाळणीवाली मुलगी काम सोडून माझ्या मागे येऊन उभी.

अकरा सत्तेचाळीसला आलं. चाळणीनं लगेच लाल केलं: यंत्र असण्याची शक्यता चौऱ्याण्णव टक्के. ब्लॉक करायचं? चाळणी माझी, नियम माझा. मी "नाही" दाबलं आणि आकड्यांसकट वाचलं.

"आज ३. काल १. खेळ चांगला आहे."

काल तर ते खेळले नव्हते. मुलगी म्हणाली, "ताई, काल एक कसा? काल नोंदच नाही त्यांची." मी म्हटलं, आहे, माझ्या वहीत, टेबलाच्या नावावर.

मंजूर केलं.